लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि माझी मिसिंग करणारी बाईक

गेल्या जुलैमधली गोष्ट. बोरिवलीहून अंधेरी एमआयडीसीतल्या ऑफिसला निघालो होतो. कांदिवलीच्या पुढे ट्रॅफिक तुंबला आणि बाईकने नाटक सुरू केलं. अॅक्सिलरेटर पिळला की ठीक, सोडला की गचके. आरपीएमचा काटा वरखाली नाचायचा आणि मग इंजिन बंद. मागून हॉर्न, वरून पाऊस. अंधेरीला पोहोचेपर्यंत सात वेळा किक मारली.

गाडी तशी जुनी, कार्बोरेटरवाली १५० सीसी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घेतलेली. अशा वागण्याला गॅरेजच्या भाषेत मिसिंग म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. म्हणजे गाडी १,४०० आरपीएमवर उभी असेल तर सेकंदाला साधारण १२ वेळा पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायला हवं. त्यातले दोन-तीन वार फुकट गेले की गचका बसतो.

या लेखात मी बाईकबद्दल सांगणार आहेच. पण खरं सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल, ज्याचं नाव तुम्ही हजार वेळा वाचलंय आणि बहुतेक कधी माणसाचं नाव म्हणून वाचलेलं नाही.

आधी माझा घोळ

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिबगिंग हे माझं रोजचं काम. तरीही रविवारी पार्किंगमध्ये बसून मी जे केलं ते आमच्या टीममधल्या इंटर्नने केलं असतं तर मी त्याला ओरडलो असतो. चार व्हिडिओ पाहिले, स्पार्क प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला आणि त्याच जोशात कार्बोरेटरचा स्क्रूही फिरवला. तिन्ही गोष्टी एकदम. आता गाडी आणखी बिघडली आणि कशामुळे ते कळायला मार्ग उरला नाही.

त्यात माझी एक वेगळी अडचण. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तेव्हा कळलं की मला लाल-हिरव्यातला फरक थोडा कमी दिसतो. त्रास मोठा नाही, पण ऑफिसात टेस्ट पास झाली की फेल हे मी रंगावरून नाही, चिन्हावरून बघतो. आता व्हिडिओत सांगतात की प्लगचं टोक बदामी दिसलं तर इंजिन छान. मी तो जुना प्लग उजेडात धरून पाच मिनिटं बघत बसलो. बदामी, राखाडी की हिरवट, मला सांगता येईना. रागावून तो खिशात टाकला आणि गाडी ढकलत गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्या काकांनी आधी पान्याला हात लावलाच नाही. विचारलं फक्त. थंड असताना करते की गरम झाल्यावर? उभी असताना की पळताना? पाऊस लागल्यापासून की आधीपासून? मग माझा फिरवलेला स्क्रू जागेवर आणला. मी रंगाची अडचण सांगितल्यावर त्यांनी जुना प्लग नव्याच्या शेजारी ठेवला आणि रंगाचं नाव सोडून दे, फिकट आहे की गडद तेवढं सांग, असं म्हणाले. ते मला लगेच दिसलं. जुना प्लग जवळपास नव्याइतकाच फिकट होता. म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

मग त्यांनी चालू इंजिनच्या बाजूला, कार्बोरेटर आणि इंजिनला जोडणाऱ्या रबरी नळीवर, पाण्याची बारीक फवारणी केली. क्षणभर इंजिनचा आवाज बदलला. सापडलं. रबराला बारीक चीर गेली होती आणि तिथून बाहेरची हवा आत घुसत होती.

नवा रबर आणायला मुलगा गेला. मी शेजारच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाबाहेर स्टुलावर टेकलो. समोर एक पंप उघडून ठेवला होता आणि त्याच्या पाटीवर नाव होतं, किर्लोस्कर. आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्येही हेच नाव. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ज्या लेथवर बोट कापून घेतलं, त्यावरही हेच. फोन काढला, नाव टाकलं, वाचायला लागलो. आणि एका ओळीवर थांबलो. या माणसाला रंग नीट दिसत नव्हते.

चित्रकार व्हायला आलेला मुलगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही मूळचे याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्तात रमलेले. मुलाचं मन मात्र पोथीत नव्हतं. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रांशी खेळणं.

थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली, सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईला आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. हात चांगला होता. दोन वर्षं गेली आणि मग लक्षात आलं की रंगांची ओळख पटण्यात गडबड आहे. अंशतः रंगांधळेपणा. आज आपण ठिपक्यांची चित्रं दाखवून पाच मिनिटांत हे तपासतो, पण ती इशिहारा चाचणी १९१७ मधली. १८८० च्या दशकात ज्याला कळायचं त्याला काम करता करताच कळायचं. घर सोडून, परक्या शहरात, चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय झालं असेल, विचार करा.

इथे त्यांनी जे केलं ते मला गॅरेजमधल्या त्या दोन प्लगांसारखं वाटतं. रंग गेला, पण रेघ शाबूत होती. त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटन धरलं, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग. त्यात रंग लागतच नाही. यंत्राचा एक भाग वरून कसा दिसेल, समोरून कसा, मधून कापला तर कसा, हे मापासकट कागदावर मांडायचं. अॅप बनवायच्या आधी आपण स्क्रीनचे साधे आराखडे काढतो, तसंच. फक्त इथे चूक झाली तर ओतलेलं लोखंड वाया जातं.

भायखळ्याचे मास्तर

तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट नवीनच सुरू झाली होती. आजची माटुंग्याची व्हीजेटीआय ती हीच, तेव्हा ती भायखळ्याला होती. तिथे लक्ष्मणराव ड्रॉइंगचे मास्तर झाले.

शिकवून झालं की ते घरी जायचे नाहीत. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये शिरायचे. वाफेचं इंजिन, लेथ, जे दिसेल ते उघडायचं, पुन्हा जोडायचं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. माझ्याकडे आहे, आणि मी तीन पार्ट एकदम बदलले! असो.

याच काळात त्यांनी एक जोडधंदा सुरू केला. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती, आजच्या एखाद्या महागड्या गॅजेटसारखी. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथे रामुअण्णा त्या विकायचे आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवायचे. १८८८ पासूनच्या या दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. आज जे नाव पंपावर आहे त्याची सुरुवात दोन चाकांवर झाली.

मग बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. कौशल्यात कमी पडले म्हणून हे झालं नाही. इंग्रजी राज्यात वरच्या खुर्चीत कोण बसणार, हे आधीच ठरलेलं असायचं. प्रत्येक बिघाड आपल्या इंजिनात नसतो, काही वेळा बाहेरची हवा आत घुसते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

न खपणारा नांगर

बेळगावात सायकलींचा धंदा चालला असता. पण लक्ष्मणरावांची नजर आजूबाजूच्या शेतीवर गेली. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर.

हे काय प्रकरण आहे ते समजून घ्या, कारण आपण शहरातली पोरं नांगर फक्त इमोजीत बघतो. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगराला बाजूला वळलेला पत्रा असतो, तो माती उचलून उलटी टाकतो. त्यामुळे खोल गेलेली हरळी आणि कुंदा मुळासकट वर येतात आणि उन्हात मरतात. दख्खनच्या काळ्या जमिनीत हा फरक पिकाच्या पायलीत मोजता येईल एवढा मोठा.

पण घ्यायला कोणी तयार नाही. लोखंडामुळे जमिनीला विष लागतं असा पक्का समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण अॅप टाकलं आणि दोन दिवसांत डाऊनलोड आले नाहीत तर आयडिया बदलतो.

शेतकरी अडाणी होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्याचं वर्ष एका पावसावर अवलंबून आहे त्याने नव्या यंत्रावर उगाच का विश्वास ठेवावा? शेजारच्या शेतात डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो पैसे घालणार नाही. शेवटी तसंच झालं. काहींनी घेतले, त्यांची शेतं बाकीच्यांनी पाहिली आणि मागणी सुरू झाली.

कुंडल रोडचा माळ

धंदा जरा उभा राहतोय तोवर नवं संकट. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती आणि कारखान्याची जागा त्यात जाणार होती. यंत्रं होती, माणसं होती, जागा नव्हती.

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणून तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल. ते स्वतः चित्रकारही होते. चित्रकलेतून बाहेर पडावं लागलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने जागा दिली, हा योगायोग मला आवडतो. जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर. ऐकायला भारी, पण होता नुसता माळ. निवडुंग, दगड, साप. पाण्याची मारामार.

१९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव मोजक्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन तिथे पोहोचले. निवडुंग तोडले, शेड उभ्या केल्या, राहायला घरं बांधली. पुढे या वसाहतीला नाव पडलं किर्लोस्करवाडी आणि स्टेशनचं नावही बदलून तेच झालं. आज ते सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. पुणे-मिरज गाडीने जाताना लागतं.

या वाडीत लक्ष्मणरावांनी एक प्रयोग केला, जो यंत्रांपेक्षा अवघड होता. वसाहतीत शिवाशिव चालणार नाही हे ठरवलं. आणि राखणीला त्यांनी कोणाला ठेवलं? शिक्षा भोगून आलेल्या माणसांना. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातात कारखान्याची राखण दिली. माणसाचा एक भाग बिघडला म्हणून पूर्ण माणूस भंगारात काढायचा नाही, असा त्यामागचा विचार असावा असं मला वाटतं.

तोफांचे नांगर झाले

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येणं अडलं, म्हणजे मागणी किर्लोस्करांकडे. पण लोखंडही मिळेना. भट्टी आहे, साचे आहेत, गिऱ्हाईक दारात आहे आणि ओतायला धातू नाही. इंजिन पूर्ण ठीक, टाकीत पेट्रोल नाही, अशी गत.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून किर्लोस्करवाडीत नांगर ओतले गेले. किल्ल्यांवर गंजत पडलेलं लोखंड शेतात गेलं.

युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचं छोटं पत्रक काढलं, कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती देणारं. त्याचंच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं किर्लोस्कर मासिक झालं. आजच्या भाषेत कंपनीचा ब्लॉग म्हणा, फक्त तो लोकांनी पदराला खार लावून विकत घेतला.

नांगरापासून इंजिनापर्यंत

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये परतले. वडिलांकडे पदवी नाही, मुलाकडे जगातली सगळ्यात मोठी. तरी दोघं एकाच शेडमध्ये कामाला लागले. पंप आले, मशीन टूल्स आली. १९४६ मध्ये पुण्याला, खडकीत, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. शेतावर विहिरीच्या काठाला टुकटुक वाजणारं डिझेल इंजिन गावाकडे गेलात तर तुम्हीही ऐकलं असेल.

आता थोडं तांत्रिक. पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात: हवा, इंधन, ठिणगी आणि दाब. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. म्हणून स्पार्क प्लगची भानगडच नाही. वीज न पोहोचलेल्या शेतात हे इंजिन का टिकलं त्याचं एक कारण हे. बिघडण्याच्या जागा जेवढ्या कमी, तेवढं बरं.

१९४८

३० जानेवारी १९४८ ला महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं आणि कारखाने जाळले गेले. किर्लोस्करवाडीही त्या आगीत सापडली. जिथे शिवाशिव मोडण्याचा प्रयत्न झाला होता, त्याच वाडीचा कारखाना जातीवरून जळाला.

लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्या वयात माणूस जे पाहायची वाट बघतो ते हे नक्कीच नाही. मी त्या प्रसंगाला कुठलंही तात्पर्य चिकटवणार नाही. एवढंच सांगतो की जळालेल्या शेडमध्ये जे काही उरलं होतं त्यावर काम सुरू झालं आणि कारखाना पुन्हा चालू झाला. आजही तिथे पंप बनतात.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

तुमची बाईक मिसिंग करत असेल तर

माझा रबर आला, दहा मिनिटांत बसला आणि गाडी शांत झाली. रबराची किंमत माझ्या नव्या प्लग आणि फिल्टरच्या निम्मीही नव्हती. तेव्हापासून मी हा क्रम पाळतो:

१. आधी नोंद करा. थंड की गरम, उभी की पळताना, पावसात की कोरड्यात. फोनवर आवाजाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, मेकॅनिकला तो खूप उपयोगी पडतो.

२. एका वेळी एकच गोष्ट बदला. मग चालवून बघा. फरक नाही पडला तर ती जागेवर आणा.

३. प्लग काढून बघा, पण इंजिन थंड झाल्यावर. काळा आणि काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, अगदी फिकट म्हणजे हवा जास्त, तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. टोकामधलं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

४. एअर फिल्टर मुंबईच्या धुळीत लवकर भरतो. मेट्रोचं किंवा रस्त्याचं काम चालू असलेल्या भागातून रोज जात असाल तर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधी बघा.

५. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरू शकतं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.

६. रबरी नळ्यांची चीर डोळ्यांना दिसत नाही. तपासायला साधं पाणी वापरा. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारू नका.

७. टॅपेट, म्हणजे व्हॉल्वचं अंतर, इंजिन थंड असतानाच तपासतात. सराव नसेल तर हे मेकॅनिककडेच करा.

८. २०२० नंतरची बाईक असेल तर तिला बहुधा फ्युएल इंजेक्शन आहे. फिरवायला स्क्रू नाही, पण मीटरवरचा इंजिनचा दिवा आहे. तो लागला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. कोड बिघाडाचं कारण सांगतोच असं नाही, तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

आणि माझ्यासारखी रंगांची अडचण असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत रंग सुधारण्याचा पर्याय असतो, तो एकदा लावून बघा. मी ऑफिसच्या स्क्रीनवर आता लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी ठेवलाय. हे टीममध्ये सांगायला मला दोन वर्षं लाज वाटत होती. त्या संध्याकाळी गॅरेजमधून घरी येऊन ग्रुपवर लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी एका सिनियरने बाजूला घेऊन सांगितलं की त्यालाही तसंच दिसतं.

तो जुना, फिकट प्लग अजून माझ्या टेबलावर आहे. आणि सोसायटीच्या पंपरूममध्ये गेलो की पाटीवरचं नाव आता माणसाचं नाव म्हणून वाचतो.